दानशूराचे घराणे

शेतकरी भावांनो, जमनालाल बजाज यांच्यापुढे आपण हात जोडतो. जोडावेतच. १८८९ साली सीकरजवळच्या काशी का बास गावी गरिबाघरी जन्म, लहानपणीच वर्ध्याच्या शेठ बच्छराजांकडे दत्तक. बोलाचाली झाली तेव्हा सतराव्या वर्षी सगळी इस्टेट सोडतो म्हणून पत्र लिहिले. १९२८ ला घरचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना उघडले. असा धनवान विरळा!

पण बच्छराजांच्या पेढीत कापसाचाही व्यापार होता. तो पिकवला कोणी? वऱ्हाड-वर्ध्याच्या कुणब्याने, निंदणाऱ्या मायबहिणींनी. चरित्रात त्यांचे घराणे येत नाही. आज शाळा-कॉलेज काढणाऱ्या पुढाऱ्याच्या सत्काराला बोलावले तर जा, हारही घाला. फक्त तिथेच विचारा, साहेब, आमच्या कापूस-ज्वारीला भाव कधी?