वजन : भंगाराच्या काट्यावरचा शब्द भौतिकशास्त्रात

गोवंडीत भंगार वजनावर विकले जाते. पत्रा, पुठ्ठा काट्यावर चढतो आणि आकडा किलोत सांगितला जातो. त्याच वस्तीतल्या शाळेत विज्ञानाचे पुस्तक मात्र बजावते की किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे. वजन म्हणजे पृथ्वी त्या पत्र्याला ज्या बलाने ओढते ते बल, आणि ते न्यूटनमध्ये मोजायचे. चंद्रावर वस्तुमान तेवढेच राहील, वजन सुमारे एक-षष्ठांश उरेल.

बाजारातला परका शब्द शास्त्रात घेतल्यामुळेच हा घोळ झाला, असे कोणी म्हणेल. ते मान्य करता येत नाही.

आधी परकेपणाची शहानिशा. 'वजन' सर्रास फारसी समजला जातो. मुळात तो अरबी. 'वज़न' या धातूचा अर्थ तोलणे. 'मीज़ान', म्हणजे तराजू, हा त्याच घराण्यातला. अरबीतून फारसीत आणि फारसीच्या वाटेने मराठीत, असा त्याचा प्रवास. ('तराजू' मात्र अस्सल फारसी.) 'वजनदार'मध्ये अरबी शब्दाला फारसी 'दार' जोडलेला आहे. फारसी-उर्दू काव्यशास्त्रात तर वज़न म्हणजे छंदाचे माप.

अशा शब्दांना पर्याय देण्याची परंपरा जुनी आहे. शिवकाळात 1677च्या सुमारास राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. गझल मराठीत रुजवणारे आणि 1925 साली फार्शी-मराठी कोश देणारे माधव जूलियनही पुढे तिच्या बाजूने उभे राहिले. तरीही 'वजन' टिकला, आणि तोही थेट पाठ्यपुस्तकातली पारिभाषिक संज्ञा होऊन.

हिंदीने येथे 'भार' स्वीकारला. म्हणून हिंदीत घोळ मिटला काय? तिथेही भार बाजारात किलोतच सांगतात. इंग्रजीतल्या 'वेट'चीही तीच गत. दोष व्युत्पत्तीचा नाही. रोजच्या तोलण्यात वस्तुमान आणि वजन वेगळे करण्याची गरजच पडत नाही, एवढेच. शिवाय मराठीत 'भार' आधीच पुष्कळ ओझे वाहतो. भारनियमन सोसलेल्यांना ते सांगायला नको.

उलट 'वजन' राखल्याचा एक लाभ गोवंडीतच दिसतो. तिथे मराठी माध्यमातले मूल आणि उर्दू माध्यमातले मूल गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात एकच शब्द शिकते. इराणमधल्या शाळेत वस्तुमानाला 'जिर्म' म्हणतात. वजनाला मात्र तिथेही 'वज़्न'च.