चुकांसकट आवडलेला पियानो

कलावंतांवर अंक निघतातच. समोर बसणाऱ्यांवर क्वचित. म्हणून यावेळचा विषय ठरला ‘चाहते’.

पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ १९५३ मध्ये मैफलींपासून दूर झाले, ते थेट ९ मे १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परतले. तिकिटांसाठी लोकांनी अख्खी रात्र रांगेत काढली. त्या रांगेला कॉफी पाजली ती त्यांच्या पत्नी वांडा होरोविट्झ यांनी. (विख्यात वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनींची लेक, तिला श्रोत्यांची किंमत ठाऊक असणारच!) बाख-बुसोनीच्या टोकाटाने सुरुवात झाली आणि आरंभीच बोटं चुकीच्या पट्ट्यांवर पडली. पुढे निघालेल्या ध्वनिमुद्रिकेत काही जागा दुरुस्त केलेल्या होत्या. मूळ मैफल, चुकांसकट, चाहत्यांच्या हाती पडायला २००३ साल उजाडलं.

आज निर्दोष वादन फोनवर हवं तेवढं मिळतं. अशा वेळी चुकांसकट जीव लावणारा श्रोता आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. पुण्याच्या ‘सवाई गंधर्व’ संगीत महोत्सवाच्या मांडवात रात्री जागवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

या अंकात समीक्षक कमी, ऐकणारे जास्त. काही लेख चक्क भाबडे आहेत. आम्ही त्यांना कात्री लावलेली नाही. तुम्ही कुणासाठी रांगेत उभे राहिलात, ते जरूर कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.