कॉलेजला निघालेल्या मुलांचे कपडे



बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू होते, ती नेमकी बियाण्यांच्या दुकानापुढे गर्दी उसळते त्याच दिवसांत. एकीकडे कपाशीची पाकिटे, खताच्या गोण्या, ट्रॅक्टरवाल्याचे भाडे. दुसरीकडे फी, पुस्तके, एस.टी.चा पास आणि कपडे. पैशाची पिशवी मात्र एकच. सोसायटीचे पीककर्ज हाती आले की त्यातून चार-पाच हजार रुपये कपड्यांकडे जातात आणि ऑगस्टात कपाशीला नत्राचा हप्ता देण्याची वेळ आली की उसनवारी सुरू होते. गावोगाव फिरताना हे मी दरसाल पाहतो. म्हणून आज पिकाचे बाजूला ठेवून कपड्यांचे बोलणार आहे. कृषी खात्याच्या माणसाने कपड्यांत कशाला पडावे, असे कोणाला वाटले तर त्याने एवढे ध्यानात घ्यावे की कपडा आपल्याच शेतात पिकतो.

पहिली गोष्ट, प्रवेश नक्की होईपर्यंत काहीही खरेदी करू नका. पॉलिटेक्निक, फार्मसी, नर्सिंग, आय.टी.आय. अशा बहुतेक ठिकाणी गणवेश असतो. आता साध्या कला-वाणिज्यच्या कॉलेजांतूनही कुठे कुठे ओळखपत्राबरोबर गणवेश आला आहे. निकालाच्या आनंदात घरच्यांनी चार भारी शर्ट घ्यावेत आणि आठ दिवसांनी कळावे की आठवड्यातले पाच दिवस फिकट निळा शर्ट नि गडद पँटच घालायची आहे, असे पुष्कळ घरांत होते. तेव्हा प्रवेश घेताना कार्यालयात तीन गोष्टी विचाराव्यात: गणवेश आहे का, तो कोणत्या वारी, आणि प्रयोगशाळेचा पांढरा ॲप्रन कधीपासून लागतो. एन.सी.सी.त जायचे असेल तर तिच्या पोशाखाचेही तिथेच विचारून घ्यावे.

आता जोड किती लागतात ते पाहू. इथे हौस मोजू नये, धुणे आणि वाळणे मोजावे. अप-डाउन करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला चार जोड पुरतात. वसतिगृहात राहणाराला सहा हवेत, कारण तिथे धुणे आठवड्यातून एकदा-दोनदाच होते आणि दोरीवर जागा मिळेलच असे नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे कपडा तासाभरात कडक वाळतो. पण कॉलेजची सुरुवात होते ती झडीच्या दिवसांत. जुलै-ऑगस्टात झड लागली की सुती कपडा दोन-दोन दिवस दमट राहतो, त्याला कुबट वास येतो आणि तसाच अंगात घातला तर जांघेत, काखेत गजकर्ण उठते.

चोपडा तालुक्यातल्या एका घरी मी मागे पीक पाहणीला गेलो असताना मुलगी कामाच्या दिवशी घरात दिसली. कॉलेजला सुट्टी आहे का, म्हणून सहज विचारले. ती काही बोलेना. मग तिची आजी म्हणाली, दोनच ड्रेस आहेत साहेब, दोन्ही ओले. आठवड्यातून एक-दोन दिवस ती अशीच घरी राहत होती आणि कॉलेजात तिची हजेरी कमी पडल्याची नोटीस लागली होती. वडिलांना हे ठाऊक नव्हते. मुलगी सांगत नव्हती, कारण त्याच वर्षी बोंडअळीने कपाशी गेलेली तिने पाहिली होती. घरात पैसा अगदीच नव्हता असेही नाही. प्रवेशाच्या वेळी तिला एक भरजरी, खड्यांचे काम केलेला ड्रेस घेतला होता. ‘पोर कालेजले जाई राह्यनी, तिले काही कमी पडाले नको’ हीच त्या माउलीची भावना. पण त्या एका ड्रेसच्या किमतीत दोन साधे सुती जोड आले असते आणि तिचे तास बुडाले नसते. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत, घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क माफ झाले, एस.टी.त बायाबापड्यांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट झाले. एवढे होऊनही पोर ओल्या कपड्यांपायी घरी बसावी, हे बरोबर नाही. ज्या विद्यापीठाची पदवी ती घेणार आहे त्याला २०१८ साली नाव दिले ते बहिणाबाई चौधरींचे, आणि बहिणाबाईंना अक्षरओळखही नव्हती.

कापड कोणते घ्यावे? आपल्या भागाला सुती उत्तम. आपली परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत येते आणि तेव्हा भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ अंशांवर असतो. सुती कापड आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास बाष्प धरून ठेवते, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून पॉलिस्टरमध्ये घाम अंगावरच साचतो. मात्र चारही जोड सुती घ्या असे मी म्हणणार नाही. टेरिकॉटचे एक-दोन शर्ट पावसाळ्यासाठी असावेत. ते लवकर वाळतात, इस्त्री नसली तरी चालते, आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात हा गुण लहान नाही.

दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला म्हणजे ते सुती झाले असे नव्हे. कापडाच्या कडेचे दोन-चार धागे काढून घ्या, दुकानाबाहेर येऊन काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो आणि मागे मऊ, राखाडी राख उरते. पॉलिस्टर आधी आकसते, वितळते, काळा धूर सोडते आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही लक्षणे दिसतात. रंगाची परीक्षा अशी की पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोराने घासावा. रुमालाला रंग लागला तर तो जोड पहिल्या धुण्यातच बाकीचे कपडे खराब करणार.

विज्ञान शाखेच्या मुलामुलींसाठी हा भेद सोयीपुरता नाही. प्रयोगशाळेत बर्नर असतो, स्पिरिटचा दिवा असतो. सुती कपडा पेटला तर तो ओढून टाकता येतो, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. म्हणून ॲप्रन जाड सुतीच घ्यावा आणि मुलींनी प्रयोगशाळेत नायलॉनची ओढणी गळ्यात मोकळी ठेवू नये. ॲप्रन नवाच हवा असेही नाही. पुढच्या वर्गात गेलेल्यांचे ॲप्रन आणि पुस्तके निम्म्या किमतीत मिळतात.

शिवून घ्यावे की तयार घ्यावे, हा जुना वाद. शर्ट तयार घेतला तर चालतो, पँट आणि ड्रेस गावच्या शिंप्याकडे टाकावेत, असे माझे मत आहे. सतरा-अठरा वर्षांचे पोर अजून वाढत असते. शिंप्याला सांगून कमरेला आणि पायाच्या मुडपणीत दोन बोटे माया सोडून घ्यावी, म्हणजे तीच पँट तिसऱ्या वर्षापर्यंत जाते. तयार कपड्यात ही माया कंपनीवाले ठेवत नाहीत. कोरे सुती कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावे. आटायचे ते आधीच आटते, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही मनगटाच्या वर चढते. आणि मुलींच्या कुर्त्याला खिसा शिवून घ्यायला विसरू नका. शिंपी म्हणेल, बायकांच्या कपड्यांना खिसा नसतो. पास, मोबाइल आणि परतीचे पैसे गर्दीच्या गाडीत हातात धरून उभी राहणारी मुलगी पाहिली म्हणजे तो असायला हवा हे कळते.

जीन्सबद्दल घराघरांत भांडणे होतात. आजोबांना ती उंडगी वाटते, नातवाला तिच्यावाचून कॉलेजला जायचे नसते. खरे पाहता ही पँट मजुरांची. अमेरिकेत १८७३ साली लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस या दोघांनी खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या खिळ्या मारलेल्या पँटचे पेटंट घेतले, ते कामकऱ्यांची पँट उसवू नये म्हणून. शिवाय निव्वळ सुती जीन्स म्हणजे आपलाच कापूस. क्विंटलभर कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते. तो हिशेब धरला तर एका जाड जीन्सला दोन किलोच्या वर आणि एका शर्टाला जेमतेम किलोभर कापूस लागतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे शर्टातला आपला वाटा सुमारे ८१ रुपयांचा! उरलेले पैसे कोणाकोणाच्या घरी जातात, याचा विचार कॉलेजात वाणिज्य शिकणाऱ्या पोराने जरूर करावा. जळगाव, अमळनेर, धुळे तिन्ही गावी एके काळी कापडगिरण्या होत्या, ही गोष्ट आता त्याला कोणी सांगतही नाही. असो. एक जीन्स घ्यावी, दोन नकोत. ती टिकते, मळ दाखवत नाही. पण पावसाळ्यात वाळता वाळत नाही आणि भिजली की अंगावर ओझे होते.

आता शेतीशी थेट संबंध असलेली गोष्ट, आणि हिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. शेतकऱ्याचे पोर रविवारी शेतात जाते, गेलेच पाहिजे. पण कॉलेजच्या कपड्यांत जाऊ नये. केळीच्या बागेत घड कापताना चीक उडतो. तो ओला असताना पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी होतो आणि मग साबणाने, सोड्याने, कशानेही जात नाही. रावेर-यावलकडच्या मुलांना हे सांगायला नको. त्याहून गंभीर बाब फवारणीची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध नाकातोंडातूनच जाते असा समज आहे. ते कपड्यांत मुरते आणि घामाबरोबर कातडीतून आत जाते. रविवारी फवारलेली जीन्स झटकून सोमवारी कॉलेजला घालणारी मुले मी पाहिली आहेत. फवारणीचे कपडे वेगळे, जुने, पूर्ण बाह्यांचे असावेत. त्याच दिवशी ते घरच्या धुण्यापासून बाजूला, गरम पाण्यात, भरपूर साबणाने धुवावेत. ते धुणाऱ्या बाईने हातमोजे घालावेत आणि ते पाणी विहिरीपासून, गुरांच्या हाळापासून दूर ओतावे. लहान भावाला द्यायला जपून ठेवलेला शर्ट फवारणीला एकदा वापरला तर तो पुन्हा कोणाला देऊ नये.

खरेदीला जळगावचे फुले मार्केट आहे, धुळ्याचा आग्रा रोड आहे. सकाळी लवकर, दिवसाच्या उजेडात जावे. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. भाव करताना पोराला थोडे लांब उभे करावे, कारण त्याचे डोळे दुकानदार वाचतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याच्या नगावर जी.एस.टी. ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे, हेही माहीत असू द्या. मोबाइलवरून मागवायचे तर परत घेण्याची मुदत आधी वाचावी, माप पट्टीने मोजून द्यावे आणि ‘आता घ्या, नंतर भरा’ या हप्त्यांच्या फंदात पडू नये. शर्टाचे कर्ज व्याजाने फेडणे आपल्याला परवडत नाही.

पायांत दोन प्रकार हवेत. काळ्या मातीतून फाट्यापर्यंत चालत यायचे असेल तर चामड्याची चप्पल पावसात आठ दिवसही टिकत नाही. तिथे प्लॅस्टिकची सँडल बरी, फाट्यावर धुऊन घेता येते. बुटांचा जोड एकच, काळा, आणि वर्कशॉप असेल तर पुढून जाड. स्कूटीवर मागे बसणाऱ्या मुलींनी ओढणी कमरेला बांधावी, चाकात अडकून गळ्याला फास बसल्याचे अपघात झालेले आहेत. तोंडाला बांधायचा मोठा रुमाल मात्र सुतीच असावा.

थंडीचे कोणी आधी धरत नाही. खानदेश म्हणजे ऊन, असे समजून पोरे वसतिगृहात एका चादरीवर जातात. धुळ्याला कृषी महाविद्यालयात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी पाच-सहा अंशांवर येतो. एक स्वेटर आणि घरची गोधडी पेटीत टाकावीच. आईच्या जुन्या लुगड्यांची असेल तर ती विकतच्या ब्लँकेटपेक्षा ऊबही जास्त देते.

पेटी भरताना सुई, काळा-पांढरा दोरा, चार बटणे आणि साबणाची वडी ठेवा. मुलगा असला तरी त्याला बटण लावायला घरीच शिकवून पाठवा. आणि प्रत्येक कपड्याच्या आतल्या पट्टीवर लाल दोऱ्याने नावाची दोन अक्षरे घाला. वसतिगृहाच्या दोरीवर पांढरे शर्ट सगळे सारखेच दिसतात.