पहिला कोण जातो?

परवा भाच्याने विचारलं, "मामा, 2009 मध्ये म्हणे जगभर मंदी होती. मग रिआल माद्रिदने रोनाल्डोसाठी आठ कोटी पौंड कुठून आणले?" कर्ज काढून, असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिलाच.

2009 म्हटलं की मला आमच्या तेव्हाच्या ऑफिसातला चहावाला आठवतो. खर्च कमी करायचा म्हणून पहिला त्याला काढला. साहेबांच्या गाड्या मात्र तशाच राहिल्या!

फुटबॉलमध्येही तेच. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ क्लबचंच बघा. 2008 मध्ये एफए कप जिंकला, तोही ऐपतीबाहेर पगार देऊन. मग मालकाने हात आखडता घेतला आणि फेब्रुवारी 2010 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. प्रीमियर लीगमधला असा हा पहिलाच क्लब. मार्चमध्ये 85 जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्यात खेळाडू एकही नाही.

का? खेळाडूशी ठरावीक वर्षांचा करार असतो आणि त्याला विकून पैसे येतात. पगार थकला तर तो फुकटात निघून जायची भीती. तिकीट खिडकीवरच्या माणसाला कोण विकत घेणार? तो हिशेबात नुसता खर्च.

वर इंग्लिश फुटबॉलचा नियम असा, की क्लब बुडाला तरी खेळाडूंची आणि इतर क्लबांची देणी पूर्ण चुकवायची. बाकीच्यांना उरेल ते. पोर्ट्समथच्या बाबतीत त्यांना पौंडामागे 20 पेन्स द्यायचं ठरलं. या यादीत सरकारी करखातं होतं, गावातले छोटे दुकानदार होते, आणि मैदानावर प्रथमोपचार करणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्सही होती!

नियमामागे कारण आहे, ते मान्य. एका क्लबाने खेळाडूचे पैसे बुडवले की दुसराही अडचणीत येतो. पण मग छोटी देणी तरी आधी चुकवा ना! मलमपट्टी करणाऱ्यांच्या बिलाने कुठला क्लब बुडणार होता?

गंमत म्हणजे 2013 मध्ये हा क्लब शेवटी वाचवला तो चाहत्यांनी, पदरचे पैसे घालून. म्हणजे ज्यांना कुणी हिशेबात धरलं नव्हतं, त्यांनीच.

असो. भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग त्या चहावाल्याचं काय झालं?"

कधी चौकशीच केली नाही रे, बाबा.