ट्यूब आहे, नदी कुठली?

पुण्याची भाचरं शनिवार-रविवार बारामतीला यायची म्हटली, की पूर्वी मामाला विहीर, मळा आणि उसाचा रस एवढ्यावर भागवता येई. आता त्यांना ‘ट्यूबिंग’ हवं असतं. म्हणजे ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबमध्ये बसायचं, पाय पाण्यात सोडायचे आणि नदी नेईल तिकडे जायचं. आमच्या पिढीने पाठीला वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधून साधारण हेच केलं. फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हतं. तेव्हा मागणीत गैर काही नाही. ट्यूबही टायरवाल्याकडे मिळते. अडतं ते नदीपाशी. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांना कऱ्हा, नीरा आणि भीमा अशा तीन नद्या आहेत, आणि सहा वर्षांच्या पोरीला ट्यूबवर बसवून सोडावं असा पट्टा मला त्यांत सापडेना.

कऱ्हा तर दाराशीच. मोरोपंतांनी जिच्या काठी आर्या लिहिल्या ती ही नदी. पण वर्षातले कितीतरी महिने ट्यूब वाहत जाईल एवढं पाणी तिच्यात नसतं. आणि येतं तेव्हा? सप्टेंबर २०१९ मध्ये पुरंदरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, नाझरे धरणातून पाणी सोडावं लागलं आणि नदीकाठच्या बारामतीकरांना रातोरात घरं सोडावी लागली. एकतर कोरडी, नाहीतर घरात. मधलं काही तिला ठाऊक नाही.

नीरेचं दुखणं वेगळं. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी आणि वीर या धरणांनी तिचं पाणी अडवलेलं. ते नदीतून कमी आणि कालव्यांतून जास्त येतं. पात्रात उरतात ते कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा संपता संपता त्यांना ढापे टाकले, की वरच्या अंगाला खोल, निश्चल पाणी तुंबतं. तिथे ट्यूब जागची हलत नाही. खालच्या अंगाला पाणी पडून उलटं फिरतं. तिथे ट्यूब गेली तर पाणी तिला पुन्हा भिंतीकडेच ओढतं. शिवाय वाळू उपसून झालेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालणारं पोर पुढच्याच पावलाला बुडतं. काळ्या, फेसाळ पाण्याबद्दल काठच्या गावांनी किती तक्रारी केल्या, ते इथे उगाळत नाही.

राहिली भीमा. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि इंदापूरच्या उत्तर अंगाची नदी नदी राहिलीच नाही. यशवंतसागर झाला, ११७ टीएमसीचा. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की वर येतं आणि लोक बघायला जातात. या पाण्यात प्रवाह नाही, पण वारा आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळात उलटली आणि सहा माणसं गेली. त्यांत दोन तर अगदी लहान मुलं. जिथे बोटीचा टिकाव लागला नाही, तिथे ट्यूबची काय कथा? वाऱ्याने ती कागदासारखी सरकते, आणि हात सुटला की पोहणाऱ्यालाही गाठता येत नाही.

‘मग आपल्या शेततळ्यातच सोडा की,’ असं घरातलंच कुणीतरी म्हणतं. सर्वांत जास्त भीती मला याच सूचनेची वाटते. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं. आत घसरलेल्याला, तो पट्टीचा पोहणारा असला तरी, वर चढायला पकड मिळत नाही. काठाला बांधलेला गाठी मारलेला दोर किंवा जुने टायर नसतील, तर मुलांना त्या तळ्याच्या कुंपणाशीही फिरकू देऊ नये. अस्तर केलेल्या कालव्याची गत तीच, वर आवर्तनाचा वेग.

मग ट्यूब किंवा राफ्ट सोडावी अशी नदी आहे कुठे? सह्याद्रीच्या पलीकडे, कोलाडजवळची कुंडलिका. भिऱ्याच्या वीजघरात जनित्रं फिरवून झालेलं पाणी तिच्यात सोडलं जातं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते आणि पाणी कधी येणार हे आधी कळतं. दोर, जॅकेटं, सोबतीला जाणती माणसं, सगळं तिथे मिळतं. आता हे पाणी कुठलं? मुळशी धरणाचं, म्हणजे मुळा नदीचं. सेनापती बापटांनी १९२१ मध्ये ज्याच्या विरोधात सत्याग्रह उभा केला तेच धरण. मुळेचं पाणी आपल्या वाटेने गेलं असतं तर मुठेला मिळून, भीमेतून इंदापूरच्या उशाला आलं असतं. ते घाट उतरवून कोकणात सोडलं, आणि आमच्या वाट्याला मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी आलं. म्हणजे मुलांना आपल्याच खोऱ्याच्या पाण्यावर खेळवायचं तर दोन जिल्ह्यांचा प्रवास करायचा! उसाला पाणी लागतं, विजेला लागतं, हे मला कळतं. मीही ऊसच लावतो. पण एवढ्या वाटण्यांत दोनशे मीटरचा उथळ, स्वच्छ, वाहता पट्टा पोरांसाठी कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. आम्ही, काठावर राहणाऱ्यांनीही नाही.

यंदाचा बेत असा ठरला आहे. सुट्टी लागली की दोघंही आधी पायऱ्यांच्या विहिरीत पोहायला शिकतील. कमरेला दोर, पाठीला डबा आणि मी स्वतः पाण्यात. धाकटीला थंडीत कुंभारगावला रोहित पक्षी दाखवीन, वारा पडलेल्या सकाळी आणि जॅकेट घालूनच. थोरला चौदाचा आहे. त्याला दिवाळीनंतर कोलाडला नेईन, तिथल्या माणसांनी त्याचं पोहणं पाहून हो म्हटलं तरच. ट्यूब आणली आहे, तिचा वॉल्व्ह पोटाला लागतो म्हणून त्यावर जाड फडकं गुंडाळलं आहे. लहान मापाचं जॅकेट इथे मिळालं नाही. ते येताना पुण्याहून घेऊन ये, असं बहिणीला कळवलं आहे.