‘घरगुती बाब’ या नावाखाली

बदलीच्या गावी मराठी माणूस पोहोचला, की आठवडाभरात तो महाराष्ट्र मंडळाचा पत्ता हुडकून काढतो. गणेशोत्सव कोठे, कोजागरी कोणाच्या गच्चीवर, दिवाळी अंक कोणाकडे, ही माहिती त्याला विनासायास मिळते. परंतु त्याच वसाहतीत एखादी बाई रात्री नवऱ्याचा मार खात असेल, तर सकाळी तिने कोणाचे दार ठोठवावे, हे मंडळातील एकालाही सांगता येत नाही. ही उणीव केवळ माहितीची नाही. ती वृत्तीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते काहींना कटू वाटेल, हे जाणूनच मी लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका शहरात आमच्या शेजारी एक अधिकारी राहत असत. गृहस्थ सुविद्य, मृदुभाषी, मंडळाच्या कार्यक्रमात हौसेने नाट्यगीते म्हणणारे. एका रात्री त्यांच्या पत्नी दोन मुलांना घेऊन आमच्या दाराशी आल्या. ओठ फाटला होता. दुसऱ्या दिवशी मंडळातील चार वडीलधारी माणसे बसली आणि तासाभरात निवाडा झाला: “वहिनी, थोडे सोसून घ्या. त्यांच्या बढतीचे दिवस आहेत. परमुलखात आपली शोभा नको.” वहिनी परत गेल्या. त्या चौघांच्या शेजारी मीही बसलो होतो, आणि गप्प होतो. वर्षभरात त्या कुटुंबाची बदली झाली. पुढे काय झाले, हे मी कधी विचारलेही नाही.

अशा बैठकांतून नेहमी काढली जाणारी चार वाक्ये आहेत. ती एकदा तपासून पाहू.

पहिले वाक्य, ‘आपल्यासारख्या घरांत असे होत नाही.’ 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कोणाजवळ शब्द काढला. शिक्षणाने व पगाराने हे प्रमाण कमी होते, नाहीसे होत नाही. आपल्या घरांतून आवाज येत नाही याचा अर्थ तेथे सुख नांदते असा लावणे, हे सोयीचे तर्कशास्त्र झाले.

दुसरे वाक्य, ‘ही घरगुती बाब आहे.’ कायद्याने हे म्हणणे केव्हाच फेटाळले आहे. पतीचा व सासरचा छळ 1983 साली भारतीय दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा ठरला; 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेत आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तर मारहाणीबरोबर शिवीगाळ, अपमान आणि पैशाची कोंडी यांनाही हिंसाच म्हटले आहे. शेजाऱ्याने सद्भावनेने संरक्षण अधिकाऱ्यास खबर दिली, तर त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही, असेही त्या कायद्यात लिहिले आहे. तेव्हा ‘आपण मध्ये कसे पडावे’ ही सबब उरत नाही.

तिसरे वाक्य सर्वांत परिणामकारक असते: ‘तक्रार केली तर त्यांची नोकरी जाईल, मग मुलांचे काय?’ अटक होऊन अठ्ठेचाळीस तासांहून अधिक कोठडी झाली, की केंद्र सरकारचा कर्मचारी निलंबित मानला जातो, हे खरे आहे. आणि या भयानेच कित्येक बायका ओठ शिवून बसतात. परंतु 2005 च्या कायद्याचा मार्ग निराळा आहे, हे तिला कोणी सांगत नाही. तेथे ती दंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण, निवारा, खर्च व मुलांचा ताबा मागते; अटकेचा प्रश्न सामान्यतः आदेश मोडल्यावर येतो. पतीने ठरलेली रक्कम दिली नाही, तर त्याच्या पगारातून ती परस्पर देण्याचा हुकूम दंडाधिकारी त्याच्या कार्यालयाला देऊ शकतात. घर कोणाच्या नावावर आहे यावर तिचा राहण्याचा हक्क अवलंबून नाही. म्हणजे सरकारी बंगला ‘साहेबांचा’ असल्याचा धाक ज्या जोरावर घातला जातो, तो जोरच पोकळ आहे.

चौथे वाक्य, ‘आम्ही समेट करून देतो.’ हा समेट कोणाचा? ज्याने हात उचलला त्याने काहीच सोडायचे नाही, आणि जिने मार खाल्ला तिने तक्रार सोडायची, याला समेट म्हणत नाहीत. समुपदेशन हे शिकून करण्याचे काम आहे. मुंबईत 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच स्त्रियांसाठी विशेष कक्ष उघडला, तो प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या हाती दिला. निवृत्त अधिकाऱ्यांच्या चहाच्या बैठकीवर सोपवला नाही.

सरकारी व्यवस्था परिपूर्ण आहे, असे मी म्हणत नाही. संरक्षण अधिकाऱ्याचे काम पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या गळ्यात अतिरिक्त म्हणून बांधलेले असते. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना या नेमणुकांविषयी आदेश द्यावे लागले. त्यातून परप्रांतातील आपल्या भगिनीची अडचण दुहेरी. ठाण्यात भाषा परकी, माहेर हजार मैलांवर. पण म्हणूनच तर मंडळाचे प्रयोजन आहे!

मंडळाने फार काही करावयाचे नाही. सूचनाफलकावर नाटकाच्या जाहिरातीशेजारी चार गोष्टी लिहाव्यात: तातडीला 112, बहुतेक राज्यांत चालणारी महिला साहाय्यवाणी 181, जिल्ह्यातील ‘सखी’ केंद्राचा पत्ता, जेथे उपचार, पोलीस, वकील व काही दिवसांचा निवारा एकत्र मिळतो, आणि विधी सेवा प्राधिकरणाचा 15100, कारण उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला वकील मोफत मिळतो. स्थानिक भाषा जाणणाऱ्या दोन भगिनींनी तिच्याबरोबर जाण्याची तयारी ठेवावी. एक खोली व परतीच्या तिकिटाचे पैसे राखून ठेवावेत. माहेरी गेल्यावर तेथील न्यायालयातही तिला अर्ज करता येतो आणि तो आदेश साऱ्या भारतात चालतो, हे तिला सांगावे. निर्णय मात्र तिचा तिलाच घेऊ द्यावा.

1863 साली जोतीराव व सावित्रीबाईंनी पुण्यात फसलेल्या विधवांसाठी दार उघडले, तेव्हा ‘शोभा’ होईल याची चिंता केली नाही. पंडिता रमाबाई 1882 साली दूर आसामात विधवा झाल्या आणि 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. यांच्या तसबिरींना आपण दरवर्षी हार घालतो. त्यांच्या नावाने आता एक खोली उघडी ठेवावी. पुन्हा एखादी वहिनी रात्री दाराशी आली, तर “सोसून घ्या” हे शब्द आपल्या तोंडून निघू नयेत, आणि माझ्यासारख्याने गप्पही बसू नये.