कार पार्कमधला चॅम्पियन

गोल्फ हा रिटायर्ड साहेब लोकांचा खेळ आहे असं आपल्या हॉस्टेलचं ठाम मत आहे. पण परवा आमच्या रूमवर ह्याच खेळावरून रात्री दीडपर्यंत भांडण चाललं. निमित्त एका जुन्या क्लिपचं.

1979 ची ब्रिटिश ओपन, रॉयल लिदमचं मैदान. शेवटचा दिवस, 16 वा होल. 22 वर्षांच्या सेव्हे बायेस्तेरोसचा पहिलाच फटका इतका उजवीकडे गेला की बॉल थेट तात्पुरत्या कार पार्कमध्ये, गाड्यांच्यात! आणि दंड शून्य. गाडी हा अडथळा, म्हणून नियमाप्रमाणे बॉल बाजूला ड्रॉप करायला मिळाला. तिथून पठ्ठ्याने तो ग्रीनवर टाकला, एका पटमध्ये होलमध्ये घातला आणि पुढे 3 शॉट्सने ओपन जिंकला. लोकांनी मग 'कार पार्क चॅम्पियन' म्हणून चिडवलं.

रूममेट म्हणाला, "ही लॉटरी झाली यार. सरळ मारणाऱ्याने काय घोडं मारलंय?"

खरं सांगू? त्याचं अगदीच चूक नाही. तुम्ही फेअरवेच्या मधोमध मारा, पण बॉल जर आधीच्या कुणाच्या फटक्याने गवत उखडून झालेल्या खड्ड्यात थांबला, तर सवलत नाही. पडलाय तसाच खेळायचा. पार्किंगमध्ये मारणाऱ्याला सवलत आणि सरळ मारणाऱ्याला खड्डा, हे मलाही खटकतं.

पण लॉटरी मात्र नाही. 1999 मध्ये कार्नूस्टीला जाँ व्हॅन द वेल्डला शेवटच्या होलवर 6 शॉट्ससुद्धा चालले असते. त्याचा दुसरा शॉट स्टँडच्या कठड्यावर आपटून उलटा आला आणि दाट गवतात पडला. हे शंभर टक्के बॅड लक. पण तिथून बॉल बाजूला काढायचा सोडून त्याने समोरचा ओढा पार करायचा प्रयत्न केला. बॉल पाण्यात. 7 शॉट्स, आणि मग प्लेऑफमध्ये हार. हा भाग नशिबाचा नव्हता.

उलट जॉर्डन स्पीथ बघा. 2017, रॉयल बर्कडेल, 13 वा होल. बॉल वाळूच्या टेकाडावर, झुडपात. त्याने हिरोगिरी केली नाही. मुकाट 1 शॉटचा दंड घेतला, मागे पार प्रॅक्टिसच्या जागेत जाऊन ड्रॉप केला आणि बोगीवर सुटला. पुढच्या 4 होल्समध्ये 5 अंडर! ओपन त्याचीच.

मला विचाराल तर त्या दिवशी अन्याय दुसराच झाला. ही सगळी मोजामोजी सुमारे 20 मिनिटं चालली होती, आणि तेवढा वेळ त्याचा प्रतिस्पर्धी मॅट कूचर ताटकळत उभा! व्हायव्हाच्या दिवशी आपल्या आधीचा रोल नंबर अर्धा तास आत बसला की बाहेर आपलं काय होतं, ते आठवा. बॉल कुठे पडावा ह्याचा नियम कोणी करू शकत नाही, पण घड्याळ तर लावता येतं ना?

रूममेटला हे पटलं नाही. आज रात्री परत बसायचं ठरलंय, चहा त्याच्याकडून.